पाहुणा खोली सोडतो तेव्हा



गेल्या आठवड्यात आपण बँकेची चिठ्ठी भरायला शिकलो. आज दुसरी एक वही पाहू. ही वही लॉजच्या टेबलावर असते, धर्मशाळेत असते, भक्तनिवासात असते. काही ठिकाणी ती आता संगणकात गेली आहे. पण तिच्यातले रकाने तेच आहेत.

आपल्या वर्गातली काही माणसे अशा ठिकाणी कामाला जातात. कोणी खोल्या झाडते, कोणी चादरी धुते, कोणी रात्रीची राखण करते. आता तुम्हांला अक्षर आले. उद्या मालक म्हणेल, "आज दिवाणजी आले नाहीत. जरा टेबलावर बसा." तेव्हा अडू नये म्हणून हे बोलणे.

पाहुणा आला तर काय करायचे, ते आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. "या, बसा, पाणी घ्या," हे आपोआप तोंडात येते. आपले साखरखेर्डा तर पाहुण्यांचेच गाव. पलसिद्ध महाराजांचा मठ इथे आहे. प्रल्हाद महाराजांचे संस्थान इथे आहे. उत्सवाला लांबलांबचे लोक येतात. १७२४ सालचे पाहुणे मात्र सोडून द्या. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात निजाम आणि मुबारीजखान यांच्या फौजा इथे येऊन भिडल्या. निजाम जिंकला. त्याने गावाला फतेहखेर्डा असे नाव दिले आणि तो निघून गेला. गावाने ते नाव काही ठेवले नाही.

असो. पाहुणा येतो तेव्हाचे आपल्याला कळते. पण तो निघतो तेव्हा?

घरच्या पाहुण्याला आपण गाडीपर्यंत पोचवतो. "पुन्हा या" म्हणतो. लॉजवर तेवढ्याने भागत नाही. भाड्याचा हिशोब करायचा असतो. किल्ली घ्यायची असते. खोली पाहायची असते. अनामत परत द्यायची असते. आणि पाहुण्याच्या गाडीची वेळ झालेली असते. भांडण होते ते नेमके ह्या वेळी. आम्ही जी भांडणे पाहिली, ती बहुतेक पहाटेची.

अनामत म्हणजे काय, ते आधी पक्के करू. खोली देताना भाड्याशिवाय जास्तीची रक्कम ठेवून घेतात. खोली नीट परत मिळाली की ती रक्कम परत करतात. म्हणजे ते पैसे पाहुण्याचेच. लॉजवाल्याकडे नुसते सांभाळायला दिलेले. हे विसरले की टेबलावरचा माणूस आपल्याच खिशातून दिल्यासारखे तोंड करतो.

आता दिवस कसा मोजतात ते पाहा. काही ठिकाणी पाहुणा आल्यापासून चोवीस तास धरतात. काही ठिकाणी दुपारी बारा वाजता दिवस संपतो. समजा, एक कुटुंब मंगळवारी रात्री अकराला आले आणि बुधवारी संध्याकाळी पाचला निघाले. चोवीस तासांच्या हिशोबाने भाडे एका दिवसाचे. बाराच्या हिशोबाने दोन दिवसांचे. पाहुण्याला वाटते, आपल्याला लुबाडले.

बाराची वेळ का ठेवतात? ते खोल्या झाडणाऱ्या बायकांना विचारा. चोवीस खोल्या आहेत. एका खोलीला अर्धा तास लागतो. म्हणजे बारा तासांचे काम झाले. तिघी जणी असल्या तर चार तास. बाराला खोल्या रिकाम्या झाल्या, तर चार वाजता नव्या पाहुण्यांना मिळतात. म्हणजे नियमात खोट नाही. पण नियम आधी सांगितला पाहिजे. इंग्रज सरकारने १८६७ साली सराईंचा कायदा केला. त्यातही असे होते की, सराईवाल्याने दरपत्रक लोकांना दिसेल असे लावावे. पाटी तर आजही सगळीकडे असते. पण ज्याला वाचता येत नाही, त्याने काय करावे? अशा पाहुण्याला तोंडाने सांगा. सहा महिन्यांपूर्वी तुम्हांलाही ती पाटी वाचता येत नव्हती.

आता आमचे मुख्य म्हणणे सांगतो. पाहुण्याच्या निघण्याची तयारी तो येतो त्याच घटकेला करावी लागते, आणि ती वहीत करावी लागते.

शेगावचे उदाहरण घ्या. गजानन महाराजांनी १९१० साली समाधी घेतली. तेव्हापासून दर्शनाला येणाऱ्यांची रीघ आहे. प्रकटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी ह्या दिवसांत तर विचारू नका. शेगाव मुंबई-नागपूर रेल्वेच्या रस्त्यावर आहे. कोणाची गाडी मध्यरात्री, कोणाची पहाटे. घाटावरची माणसे एसटीने येतात. त्यांना पहिली गाडी धरायची असते. अशा गावी कोणत्याही लॉजवर पहाटे पाचला दहा कुटुंबे एकदम टेबलापुढे उभी राहतात. म्हाताऱ्या आहेत, लेकरे झोपेत आहेत, बोचकी आहेत. आणि टेबलावर सुटे पैसे नाहीत.

हे टाळता येते. पाहुणा आला की विचारा, "आजी, परत कधी निघणार? कोणती गाडी?" उत्तर वहीत लिहा. रात्री जेवणे झाली की वही उघडा. पहाटे निघणाऱ्यांची नावे वेगळी काढा. भाड्याचा हिशोब रात्रीच करून टाका. अनामतीचे पैसे मोजून, पाकिटावर नाव घालून ठेवा. पहाटे फक्त खोली पाहायची, किल्ली घ्यायची, पाकीट हातात द्यायचे आणि सही घ्यायची. पैसे पाहुण्यासमोर मोजा. ज्याला मोजता येत नाही, त्याच्यासमोर दोनदा मोजा. यात्रेकरू निघताना एखादी वस्तू हमखास विसरतो. चष्मा, माळ, औषधाची पुडी. ती सापडली की तिची नोंद करा. कोणत्या खोलीत सापडली, तेही लिहा.

हल्ली पैसे फोनवरूनही देतात. त्यात एक गंमत आहे. फोन मुलाचा असतो आणि मुलगा पुण्याला असतो. अनामत त्याच्याकडे परत गेली, तर म्हातारा तिकिटाला कोठून पैसे आणणार? म्हणून परत कोठे द्यायचे, तेही आधीच विचारा.

कंपनीच्या कामाला फिरणारा माणूस निराळा. त्याला भांडायला वेळ नसतो. त्याला पावती हवी असते, आणि ती कंपनीच्या नावाने. सरकारी दौऱ्यावरच्या माणसाला पावतीवर आल्याची व गेल्याची तारीख लागते. नाहीतर त्याचा भत्ता अडतो. नाव आधी विचारले असेल तर दोन मिनिटांचे काम आहे. लग्नाच्या वऱ्हाडाचे तर काय सांगावे! आठ खोल्या, साठ माणसे. पैसे मुलीचे वडील देणार की मुलाचे मामा, हे वहीत नसेल तर निघताना दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

लोणारला विदेशी माणसेही येतात. तिथले सरोवर १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिले आणि त्याची नोंद केली. आकाशातून पडलेल्या दगडाने काळ्या खडकात झालेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. २०२० साली त्याचे नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. त्या यादीला रामसर यादी म्हणतात. विदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारी नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. तो कोठून आला, हे त्यात लिहितात. इथून पुढे कोठे जाणार, हेही लिहितात. पाहा, सरकारही निघण्याची गोष्ट येतानाच विचारते!

आता शेवटचा प्रवासी. हा देवाला निघालेला नसतो, की व्यापाराला. हा दवाखान्याला निघालेला असतो.

गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडचे. त्यांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. स्वतः शाळा शिकले नाहीत. पण पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. १९५६ साली बाबा गेले. मुंबईला दादरमध्ये त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचाराला आलेली गरीब माणसे तिथे उतरतात. अशी माणसे कधी निघणार, हे त्यांच्या हाती नसते. डॉक्टर म्हणतात, आठ दिवस. आठाचे वीस होतात. त्यांना रोज "किती दिवस राहणार?" असे विचारू नये. तरी त्यांच्या नोंदीत एक गोष्ट मात्र हवीच. ती आम्हांला कशी कळली, ते सांगतो.

आम्ही एकदा शेजारच्या एका गृहस्थांना घेऊन मोठ्या शहरात गेलो होतो. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. उतरलो ती जागा कोणती, ते सांगत नाही. नोंद गृहस्थांच्या नावाने झाली. ५०० रुपये अनामत ठेवली. पावतीही त्यांच्याच नावाची.

अठराव्या दिवशी पहाटे ते दवाखान्यातच गेले.

गावी न्यायला गाडी ठरवली. वाटेत आम्ही बोचके घ्यायला आणि खोली सोडायला उतरलो. साडेसहा वाजले होते. टेबलावर विशीतला एक पोरगा होता. वहिनींनी पावती पुढे केली. त्याने ती वाचली आणि म्हणाला, "पावती ज्यांच्या नावाची आहे, त्यांची सही लागते. त्यांना पाठवा."

वहिनी म्हणाल्या, "ते आता कुठून येतीन, भाऊ?"

पोराच्या हातातला पेन तसाच राहिला. पोरगा वाईट नव्हता. त्याने आम्हांला खुर्ची दिली, पाणी दिले. पण सहीशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असे त्याला सांगून ठेवलेले होते. व्यवस्थापक दहाला येणार होते. बाहेर गाडी उभी होती. ती साडेतीन तास कशी थांबणार? आम्ही निघालो. पैसे तिथेच राहिले.

चूक त्या पोराची नव्हती, असे आम्हांला वाटते. चूक अठरा दिवस आधीच झाली होती. नोंद घेणाऱ्याने बरोबरच्या माणसाचे नाव लिहून घेतले नाही. "हे नसतील तर पैसे कोणाला द्यायचे?" असे आजारी माणसासमोर विचारणे जड जाते, हे खरे. पण "पैसे दोघांपैकी कोणीही नेले तरी चालेल ना?" असे विचारता येते. त्यात अशुभ काही नाही. आणि आम्ही तिथेच उभे होतो. इतकी वर्षे शाळेचे हजेरीपट लिहिलेले. आम्हांलाही ते सुचले नाही.

ती पावती वहिनींनी जपून ठेवली. दोन वर्षांपूर्वी त्या ह्याच वर्गात येऊ लागल्या. बाराखडी झाली, जोडाक्षरे झाली. एक दिवस त्यांनी ती पावती पदराच्या गाठीतून काढली आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे मले वाचायचं आहे." आपल्याकडे बाईमाणूस नवऱ्याचे नाव घेत नाही, तुम्हांला ठाऊकच आहे. त्यांनी बोट ठेवले आणि एकेक अक्षर करून पूर्ण नाव मोठ्याने वाचले. मग पावती घडी घालून परत ठेवली.

बरे, आता वह्या काढा. सात रकाने आखा. पहिल्यात नाव. दुसऱ्यात गाव. तिसऱ्यात बरोबरची माणसे. चौथ्यात आल्याची तारीख आणि वेळ. पाचव्यात निघायची वेळ आणि गाडी. सहाव्यात पावती कोणाच्या नावाने हवी. सातव्यात अनामत किती, आणि ती परत कोणाला द्यायची. हा सातवा रकाना जरा रुंद ठेवा. त्यात दोन नावे लिहायची आहेत.