जठरपट्ट्यानंतरचा आहार



१ सप्टेंबर १९९३ रोजी बेल्जियममधील हुई या लहानशा शहरात, इथिओपियात जन्मलेले शल्यविशारद डॉ. मितिकु बेलाशू यांनी एका अतिस्थूल रुग्णाच्या जठराभोवती सिलिकोनचा पट्टा दुर्बिणीच्या साहाय्याने बसविला. पोटावर मोठा छेद न घेता, केवळ काही लहान छिद्रांतून केलेली अशा प्रकारची ही पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. सैल किंवा घट्ट करता येणारा पट्टा त्यापूर्वी, १९८६ च्या सुमारास, अमेरिकेत डॉ. लुबोमिर कुझमाक यांनी वापरात आणला होता. पुढील पंधरा-वीस वर्षांत युरोप, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत लाखो रुग्णांना हा पट्टा बसविण्यात आला. भारतातही तो काही काळ बसविला जात असे. शस्त्रक्रिया तास-दीड तासात आटोपते. त्यानंतरचे खाणे शिकण्यास मात्र कित्येक महिने लागतात, आणि ते शिक्षण रुग्णालयात होत नाही. ते घरच्या स्वयंपाकघरात, कचेरीत डबा उघडताना आणि गावच्या पंगतीत होते. म्हणूनच हा विषय एकट्या वैद्यकांचा राहत नाही.

जठराच्या वरच्या टोकाशी, अन्ननलिका जेथे संपते त्याच्या किंचित खाली, हा पट्टा कड्यासारखा बसतो. त्याच्या आतील बाजूस एक फुगा असतो आणि बारीक नळीने तो पोटाच्या कातडीखाली बसविलेल्या एका छोट्या डबीशी जोडलेला असतो. कातडीतून सुई घालून या डबीत सलाइन थोडे थोडे सोडले की पट्टा आवळतो. काढून घेतले की सैल होतो. जठराचा कोणताही भाग कापला जात नाही, आतड्यांची जोडणी बदलली जात नाही, आणि गरज भासल्यास पट्टा काढूनही टाकता येतो.

या पट्ट्याविषयी एक गैरसमज आरंभापासून रूढ झाला. पट्ट्याच्या वर जठराची एक लहानशी कुपी तयार होते, ती चार घासांत भरते, सावकाश रिकामी होते आणि तोवर माणसाला भूक लागत नाही, असे सांगितले जाई. पट्टा म्हणजे जणू अन्नाच्या वाटेवरील पहारेकरीच! मेलबर्न येथील मोनाश विद्यापीठात डॉ. पॉल ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे केलेल्या अभ्यासातून निराळे चित्र पुढे आले. पट्टा योग्य प्रमाणात आवळलेला असेल, तर नीट चावलेला लहान घास अन्ननलिकेच्या काही आकुंचनांनी, साधारणपणे मिनिटभरात, पट्टा ओलांडून खाली उतरतो. घास तेथून पुढे ढकलला जात असताना त्या भागातील मज्जातंतूंवर दाब पडतो आणि भूक शमल्याची सूचना मेंदूकडे जाते. पट्ट्याचे काम ही सूचना लवकर देणे एवढेच आहे. अन्न तेथे अडून राहणे हे खाण्यातील चुकीचे, नाहीतर पट्ट्यातील बिघाडाचे लक्षण होय.

हा भेद वरवर तांत्रिक वाटतो. परंतु रुग्णाचे ताट त्यावरच अवलंबून असते. पट्ट्याला कुलूप समजणारा मनुष्य कुलूप लागेपर्यंत खात राहतो. घासावर घास पडतो, छातीच्या मध्यभागी कळ येते, तोंडाला पाणी सुटते आणि खाल्लेले वर येते. याउलट, घास लहान घ्यावा, तो लापशीसारखा होईपर्यंत चावावा, गिळावा, आणि मिनिटभर थांबून मगच दुसरा घ्यावा, अशी शिकवण मेलबर्नच्या रुग्णांना दिली गेली. एका जेवणास लहान वाटीभर अन्न आणि सुमारे वीस मिनिटे. आपल्याकडे जेवण झाल्याची खूण म्हणजे ढेकर. येथे भूक मावळली की थांबावयाचे असते, आणि ताटात दोन घास शिल्लक असले तर ते शिल्लकच ठेवावयाचे असतात. अन्न टाकू नये या संस्कारात वाढलेल्या माणसास ही गोष्ट शस्त्रक्रियेपेक्षाही जड जाते. मुळात कमी वाढून घेणे हाच त्यावरील उपाय.

पहिले काही आठवडे वेगळ्या नियमांचे असतात. सुमारे दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, तेही घोटाघोटाने : ताक, मुगाचे कढण, बिनसाखरेचे दूध, गाळलेले सार. पुढील दोन आठवडे घोटलेले वरण, दही, कुस्करलेली भाजी. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून हळूहळू नेहमीचे घन अन्न. हा क्रम जठराची जखम भरून यावी आणि पट्टा आपल्या जागी घट्ट बसावा म्हणून असतो; या काळात उलट्या झाल्यास पट्टा सरकण्याचा धोका असतो. सलाइन भरण्याची सुरुवातही साधारणतः चार ते सहा आठवड्यांनंतर होते. साहजिकच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूज उतरते, पट्टा अद्याप सैल असतो आणि पूर्वीइतकीच भूक पुन्हा लागते. शस्त्रक्रिया फसली, या समजुतीने अनेकजण येथेच खचतात. वस्तुतः पट्ट्याचे काम तोवर सुरूच झालेले नसते, आणि ही गोष्ट रुग्णास व त्याच्या घरच्यांस आधी सांगून ठेवली तर बराच मनस्ताप वाचतो.

त्यानंतर पट्टा किती आवळावा हा नाजूक प्रश्न येतो. सैल असेल तर दोन जेवणांच्या मध्ये भूक लागते व वजन उतरत नाही. योग्य असेल तर थोडक्यात समाधान होते आणि ते काही तास टिकते. फार आवळला तर छातीत जळजळ, रात्री झोपेत खोकला आणि घास वर येणे सुरू होते. जितका घट्ट तितके वजन कमी, असे साधे त्रैराशिक अनेकांच्या मनात असते. ते चुकीचे आहे.

समजा, एखाद्या माध्यमिक शाळेतील शिक्षिकेने हा पट्टा बसवून घेतला आहे. मधली सुट्टी पंचवीस मिनिटांची. त्यातील दहा मिनिटे वर्गातून बाहेर पडण्यात आणि वह्या आवरण्यात जातात. उरलेल्या वेळात ती पोळी-भाजीचे मोठे घास घाईने गिळते. दोन दिवस निभावते, तिसऱ्या दिवशी घास अडकतो आणि तिला उठून नळाकडे धावावे लागते. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज होते. चौथ्या दिवसापासून ती डबा उघडीतच नाही. चहात बुडविलेली चार बिस्किटे खाते. ती न अडकता उतरतात. घरी आल्यावर आइस्क्रीम उतरते, शिरा उतरतो, आंब्याच्या दिवसांत आमरस तर पाण्यासारखा उतरतो. तीन महिन्यांनी वजन पाहावे तर तसूभरही हललेले नसते. ती शल्यविशारदांकडे जाते, वजन घटत नाही एवढेच सांगते, आणि पट्टा आणखी आवळला जातो. आता भाकरी आणि उसळ कायमचीच दुरावते, बिस्किटे तेवढी राहतात.

पातळ व गोड पदार्थांना पट्टा अडवू शकत नाही. ते मज्जातंतूंवर पुरेसा दाबही देत नाहीत. म्हणजे उष्मांक पुरेपूर पोटात जातात आणि तृप्ती होत नाही. कचेरीतील चहाचेच पाहावे. दिवसाला चार कप आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, एवढ्यानेच सुमारे दीडशे उष्मांक होतात, आणि त्याची गणना जेवणात कोणीच करीत नाही. ग्रामपंचायतीच्या बैठकीला येणाऱ्या प्रत्येकापुढे कप ठेवणे हा आपल्याकडील शिष्टाचार आहे. बिनसाखरेचा चहा मागणाऱ्याकडे वळून पाहू नये, एवढा बदल त्यात सहज करता येईल.

त्या शिक्षिकेच्या बाबतीत उपाय उलट दिशेचा असतो. पट्टा थोडा सैल करणे, म्हणजे घन अन्न पुन्हा खाता येईल; आणि मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात मधल्या सुट्टीला जोडून तिला एक मोकळी तासिका देणे. यास कोणत्याही शासननिर्णयाची आवश्यकता नाही. सलाइनचे एक-दोन मिलिलिटर आणि घड्याळाची दहा-पंधरा मिनिटे, यावर एका शस्त्रक्रियेचे यशापयश ठरू शकते, हे बाहेरच्या माणसास खरे वाटत नाही.

ताटात काय असावे याचे उत्तर फारसे गूढ नाही. प्रथम प्रथिने : डाळ, मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ, दही, पनीर, अंडी, मासे. नंतर भाजी, आणि जागा उरल्यास धान्य. प्रथिने कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि काही महिन्यांनी केस गळू लागतात. ताजा मऊ पाव व चिकट भात यांचा गोळा होऊन तो अडकतो. तोच पाव खरपूस भाजला तर पुष्कळांना चालतो. तंतुमय मांस, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, संत्र्याच्या फोडीवरील पापुद्रा यांपासून जपावे लागते. उपवासाची साबुदाण्याची खिचडी दोन्ही बाजूंनी वाईट, कारण ती चिकट असून तिच्यात प्रथिने अल्प व पिष्ट पुष्कळ. पाणी जेवताना न पिता दोन जेवणांच्या मध्ये प्यावे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्याव्या लागतात. मधुमेहाची औषधे चालू असतील तर आहार घटल्याबरोबर त्यांची मात्राही डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. अन्यथा रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.

पंगतीतील आग्रह हा या रुग्णांचा मोठाच शत्रू म्हणावा लागेल. जिलेबी वाढणारा तिसऱ्यांदा समोर उभा राहतो आणि नको म्हणणे हा यजमानाचा अपमान ठरतो. सासरी आलेल्या सुनेला किंवा नव्या जावयाला तर नकाराचा अधिकारच नसतो. ज्याच्यावर आग्रह होतो त्याला पुढचा तासभर काय भोगावे लागते हे वाढणाऱ्यास दिसत नाही. गावातील जाणत्या मंडळींनी एखाद्या पंगतीत, “त्यांना जेवढे हवे तेवढेच वाढा,” असे मोठ्याने म्हटले, तर ते काम दहा डॉक्टरांच्या सल्ल्यापेक्षा अधिक होईल.

वजन किती उतरते? ही घट सावकाश असते. आठवड्यास अर्धा ते एक किलो, तीही मधूनमधून थांबत. दोन-तीन वर्षांत जादा वजनाच्या निम्म्याच्या आसपास घट झाली तर परिणाम चांगला समजतात. जादा वजन म्हणजे एकूण वजन नव्हे : एखाद्याचे वजन १२० किलो असून त्याच्या उंचीला ७० किलो योग्य असेल, तर जादा वजन ५० किलो आणि त्याचे निम्मे २५ किलो. म्हणजे तो मनुष्य ९५ किलोंवर येईल. शेजाऱ्यांना तो अजून स्थूलच दिसेल, आणि इतका खर्च करून काय मिळविले, असेही ते विचारतील. या प्रश्नाला २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मेलबर्नच्याच एका अभ्यासात उत्तर आहे. अलीकडेच मधुमेह झालेल्या ६० स्थूल रुग्णांपैकी निम्म्यांना पट्टा बसविला आणि निम्म्यांवर नेहमीचे उपचार केले. दोन वर्षांनी पट्टा बसविलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्णांचा मधुमेह ओसरला होता. इतरांत हे प्रमाण १३ टक्के होते.

तथापि पट्ट्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वीडनमधील मोठ्या पाहणीत, ज्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले, दहा वर्षांनंतर पट्टा बसविलेल्यांचे वजन मूळ वजनाच्या सरासरी १४ टक्क्यांनी कमी होते, तर जठर-आतड्यांची नवी जोडणी केलेल्यांचे २५ टक्क्यांनी. शिवाय पट्टा सरकणे, जठराच्या भिंतीत रुतणे, नळी गळणे या कारणांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेल्यांची संख्या लहान नव्हती. २०१० नंतर पट्टा मागे पडत गेला आणि जठराचा मोठा भाग कापून ते नळीसारखे करण्याची शस्त्रक्रिया जगभर पुढे आली. ती परत फिरविता येत नाही. त्या रुग्णांनाही पातळ अन्नापासून घन अन्नापर्यंतचा तोच जिना चढावा लागतो, लहान घास आणि आधी प्रथिने हे नियम त्यांनाही लागू पडतात, आणि गोड पेयांची पळवाट त्यांच्यापुढेही उघडी असते.

ज्यांच्या पोटात हा पट्टा आजही आहे, त्यांपैकी काहींना तो बसविणारे रुग्णालय आता दूर पडले असेल, काहींनी तपासणीस जाणेच सोडले असेल. अशा व्यक्तीस वारंवार उलट्या होऊ लागल्या, पाणी किंवा लाळही खाली उतरेनाशी झाली, पोटात तीव्र कळ किंवा ताप आला, तर घरगुती उपाय करीत बसू नये. बरेच दिवस उलट्या चालू राहिल्यास ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या अभावाने मज्जातंतू व मेंदूस इजा पोहोचू शकते. घास अडकला असता पट्ट्यातील सलाइन सुईने काढून घेणे हा पुष्कळदा पहिला उपचार असतो. पण पट्टा आहे हे समोरच्या डॉक्टरास ठाऊक असेल तरच तो सुचणार. गर्भवतीच्या बाबतीतही पट्टा सैल करावा लागण्याचा संभव असल्याने पहिल्याच तपासणीत ही माहिती दिली पाहिजे. पट्टा कोणत्या वर्षी बसविला, कोणत्या बनावटीचा, त्यात किती मिलिलिटर सलाइन आहे आणि शेवटचे कधी भरले, एवढा मजकूर एका कार्डावर लिहून ते खिशात किंवा पर्समध्ये ठेवावे, आणि त्याची एक नक्कल जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात देऊन ठेवावी.