अंतराळयानात चहा कोण करतं?

(मोरिवली, अंबरनाथ येथे वस्तीत काम करणाऱ्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेलं भाषण)



मघाशी फळ्यावर आजचा विषय लिहिला तेव्हा दोघीतिघी हसल्या. 'विज्ञानकथांच्या मालिका आणि आपण'. आपले विषय कसे, तर रेशन, पाणी, घरातली मारहाण, एमआयडीसीत पॅकिंग करणाऱ्या बायांची मजुरी. त्यात हे परग्रहावरचं कुठून आलं? हसायला माझी हरकत नाही. पण मी दहाबारा वर्षं हे काम करते आहे, आणि त्याहून जास्त वर्षं या मालिकांच्या नादी लागलेली आहे. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या डब्यांत ठेवणं मला काही जमलं नाही.

'शक्तिमान' १९९७ मध्ये सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. आमच्याकडे नळाला पाणी यायची वेळ आणि मालिकेची वेळ एकच. भाऊ टीव्हीपुढे, मी हंडा घेऊन रांगेत. पुढे काय झालं ते भाऊ सांगायचा, तेही स्वतःच्या मनाने बदलून. १९९८ मध्ये 'कॅप्टन व्योम' आलं, तेव्हा मी रांगेत शेजारच्या काकूंच्या हंड्यामागे माझा हंडा ठेवून घरी पळत यायला शिकले. बाईला फुरसत किती, आणि ती कोणाच्या परवानगीने, हा प्रश्न मला पुस्तकात फार नंतर भेटला.

आता 'करिश्मा का करिश्मा' आठवा. २००३ मध्ये स्टार प्लसवर आली होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिली असेल. ती 'स्मॉल वंडर' या अमेरिकन मालिकेवरून केलेली. बाप वैज्ञानिक. तो घरात मुलीसारखा दिसणारा यंत्रमानव बनवतो आणि शेजाऱ्यांना सांगतो, ही आमची मुलगी. ही मुलगी घरकाम करते, सांगितलेलं ऐकते, कधी दमत नाही. मूळ मालिकेत तर तिला रात्री मुलाच्या खोलीतल्या कपाटात उभी करून ठेवत. आम्ही खूप हसायचो. एम.एस.डब्ल्यू. करताना एका रात्री जुने भाग पुन्हा पाहिले आणि हसू थांबलं. जेवण नाही, पाळी नाही, हुंडा नाही, उलट उत्तर नाही. बटण बापाच्या हातात. आपल्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या किती बायांच्या सासरी नेमकी हीच मागणी असते, फक्त तिला यंत्र म्हणत नाहीत इतकंच. तरी सांगते, मला करिश्मा आवडायची. अजून आवडते. तिच्या अंगात जी ताकद होती ती आमच्या चाळीतल्या कुठल्याच मुलीला कोणी दाखवू दिली नव्हती. आवडणं आणि भांडणं दोन्ही एकदम चालतं. आपण माहेरावर नाही का प्रेम करत?

'स्टार ट्रेक'चंही तसंच आहे. आमच्या आधीच्या पिढीने ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिली. मी फार उशिरा, संगणकावर. तिचा पहिला नमुना-भाग केला तेव्हा यानावर कप्तानाखालोखाल अधिकारी होती एक बाई. वाहिनीने तो भाग नाकारला. १९६६ मध्ये मालिका पडद्यावर आली तेव्हा ती जागा पुरुषाकडे गेली होती आणि त्याच नटीला काम मिळालं नर्सचं. तेविसाव्या शतकाची गोष्ट बरं का ही! प्रकाशाहून वेगाने जाणारं यान वाहिनीच्या साहेबांना पटलं. हुकूम देणारी बाई टिकली नाही. मुख्य कप्तान बाई असलेली 'स्टार ट्रेक' यायला १९९५ उजाडलं.

पण याच मालिकेचा दुसरा इतिहास मला जास्त जवळचा वाटतो. १९६८ मध्ये ती बंद पडणार अशी चिन्हं होती, तेव्हा बिजो ट्रिंबल नावाच्या बाईने नवऱ्याच्या साथीने पत्रांची मोहीम चालवली आणि मालिकेला तिसरं वर्ष मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी 'स्पॉकनॅलिया' नावाचं चाहत्यांचं नियतकालिक निघालं, तेही दोन बायांनी काढलं. पुढे अशी कितीतरी निघाली. घरी टाइप करायची, प्रती काढायच्या, टपालाने पाठवायच्या, आणि गोष्ट पटली नाही तर स्वतः दुसरी लिहायची. आपल्या संघटनेतल्या जुन्या मैत्रिणी सायक्लोस्टाइलच्या शाईने काळे झालेले हात सांगतात ना, अगदी तेच चित्र. आज ज्यांना 'गीक' म्हणतात, म्हणजे एखाद्या विषयाने झपाटलेली मंडळी, त्यांचं जग पुरुषांनी उभारलं असं कोणी म्हणालं तर एवढं सांगता येईल.

सांगावं लागतंच. मुंबईतल्या अशा एका मेळाव्याला मी गेले होते. मालिकेतल्या चिन्हाचा टी-शर्ट घातला होता. एका मुलाने अडवलं आणि परीक्षाच घेतली. अमुक भागाचं नाव काय, तमुक यानाचा क्रमांक काय? माझ्याबरोबरच्या मित्राला एकही प्रश्न नाही. मी सगळी उत्तरं दिली, याचा मला आनंद कमी आणि राग जास्त आला. तिकीट दोघांनी सारखंच काढलं होतं. इकडे चळवळीतल्या काही ताई म्हणतात, हा पोरकटपणा सोड. दोन्हीकडे बाईनेच खुलासा द्यायचा.

आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटाची गोष्ट सांगते. १९६५ ची मिस इंडिया. १९७९ मध्ये 'स्टार ट्रेक'चा पहिला चित्रपट आला त्यात तिने इलिया नावाची अधिकारी केली, आणि त्यासाठी डोक्यावरचे सगळे केस काढले. महाराष्ट्रात बाईचं मुंडण म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं ते वेगळं सांगायला नको. विधवांच्या केशवपनाविरुद्ध १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवला होता. ज्या खुणेने बाईचं बाईपण संपलं असं समाज जाहीर करायचा, तीच खूण घेऊन ही बाई यान चालवायला बसते, आणि कोणी तिला अशुभ म्हणत नाही, कारण तिच्या लोकांत सगळ्यांचीच डोकी तशी. मला ते पाहून कसंतरीच झालं, चांगल्या अर्थाने. पण चित्रपटाच्या मध्यावर इलिया नाहीशी होते आणि तिच्या रूपाचं एक यंत्र परत येतं, आखूड कपड्यांतलं, दुसऱ्याचा निरोप बोलणारं. फिरून करिश्माच!

आपल्या मराठीतही असे हात शोधावे लागतात. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली. अक्षर ओळखू नये म्हणून ती लिहून काढली मंगलाताईंनी. नारळीकरांनी हे स्वतः मोकळेपणाने सांगितलेलं आहे, त्यात लपवाछपवी नाही. मंगलाताई स्वतः गणितातल्या डॉक्टरेट. आपल्यासारख्या शिकलेल्या बायांनी घर आधी आणि करिअर नंतर ठेवलं, असं त्यांनीच स्वतःबद्दल लिहून ठेवलं आहे. मला त्या कथेइतकंच ते अक्षर बघावंसं वाटतं.

गेल्या मे महिन्यात आपल्या अभ्यासवर्गातल्या मुलामुलींना मी '२०७५ मधली मोरिवली' लिहायला दिली. मुलांनी उडत्या रिक्षा काढल्या. एका मुलीने लिहिलं, एमआयडीसीतून वास सुटायच्या आधी घंटा वाजते, आणि घंटा वाजली की कंपनीचा मालक पळतो, आपण नाही. दुसरी नववीतली, वर्गात तोंड न उघडणारी. तिने स्वतःसारखं दिसणारं यंत्र बनवलं. भाऊ दर तासाला फोन करून कुठे आहेस विचारतो, त्याला ते यंत्र घरी बसून उत्तरं देतं. ती स्वतः सीएसएमटी लोकल पकडून समुद्र बघायला जाते. हॉलिवूडने बाईचं यंत्र केलं ते बाईला गायब करायला. हिने केलं ते स्वतःला सुटायला. वाचून मी तिला विचारलं, घरी काही त्रास आहे का? ती म्हणाली, "त्रास नाही ताई, फोन आहे." त्या घरी आता आपल्यापैकी दोघी जाऊन आल्या आहेत. मार्कांची वही घेऊन गेलो असतो तर हे कळलं नसतं.

या मुलीची खापरपणजी शोभेल अशी एक बाई बंगालमध्ये होऊन गेली, रुकय्या सखावत हुसेन. १९०५ मध्ये तिने 'सुलतानाज ड्रीम' लिहिलं. त्यात विद्यापीठातल्या बाया सूर्याची उष्णता साठवतात, ढगांतून पाणी काढतात. स्वयंपाकघरात धूर नाही. पुरुष पडद्याआड, मुलं सांभाळतात. आणि कचेरीचं काम बाया दोन तासांत उरकतात, कारण विड्या ओढण्यात वेळ जात नाही! सव्वाशे वर्षं होत आली, आपल्याकडे पाणी अजून रांगेत.

पुढच्या शनिवारी समाजमंदिरात आपण दोन भाग पाहणार आहोत, एक करिश्माचा आणि एक 'स्टार ट्रेक'चा, मुलींसह. बसायला चटई आणा. रात्रपाळीवाल्यांसाठी पाचला सुरू करू. चहा भाऊमंडळींनी करायचा असं कालच ठरलं आहे, आणि त्यांनी ते कबूलही केलं आहे. साखर कुठे ठेवली असते, हे तेवढं त्यांना दाखवून ठेवा.