मागून मारलेली हाक

(१९९८ च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२३ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘करिअर आणि मातृत्व यांचा समतोल’ असा विषय दिला आहे. हा समतोल मला अजून साधलेला नाही, त्यामुळे त्यावर बोलायचा अधिकारही नाही. पंधरा मिनिटं मिळाली आहेत, त्यात मी माझ्या मुलाविषयी बोलते. आया मुलांविषयी बोलायला लागल्या की आवरत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून व्हरांड्यातली आपली पितळी घंटा अजून असेल तर मामांनी ती तयार ठेवावी.

मी इथेच कराडला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं. काम मात्र गेली एकोणीस वर्षं सॉफ्टवेअरचं, पुण्यात. लग्न उशिरा झालं, मूल त्याहून उशिरा. मे २०१८ मध्ये मुलगा झाला तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. कागदावर त्याचं नाव चांगलं भारदस्त आहे, घरी तो बंड्या.

सॉफ्टवेअरवाल्या बाईला मूल झालं की ती काय करते? एक्सेलची फाइल उघडते. कुशीवर वळणं, बसणं, रांगणं, पहिला दात, पहिलं पाऊल. एका रकान्यात पुस्तकातला महिना, शेजारी बंड्याचा महिना. वेळेत झालं की चौकट हिरवी. सव्वा वर्षापर्यंत माझी फाइल गवतासारखी हिरवीगार होती. मग ‘शब्द’ हा रकाना आला आणि तिथे गाडी अडकली. दोन वर्षांच्या मुलाला साधारण पन्नास शब्द यावेत, दोन शब्द जोडून बोलता यावं, असं पुस्तकं सांगतात. बंड्याचे शब्द मी मोजले होते. अकरा. त्यात ‘मम’, ‘भू’, ‘टाटा’ धरून.

तो दोन वर्षांचा झाला मे २०२० मध्ये. म्हणजे टाळेबंदी. त्यामुळे कारण शोधायला कुणालाच लांब जावं लागलं नाही. “अगं, पोराला माणसंच दिसली नाहीत तर बोलणार कुणाशी?” सासूबाई म्हणाल्या, “मुलगे उशिराच बोलतात गं,” आणि मधात वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावायला लागल्या. प्रत्येक घरात एक उदाहरण तयार होतं. अमक्याचा भाचा चार वर्षांपर्यंत तोंड उघडत नव्हता, आता वकील आहे. उशिरा बोललेली ही सगळी मुलं पुढे वकीलच का होतात कोण जाणे.

कानांची शंका मला आली नाही, असं नाही. पण जन्मल्यावर लगेच त्याची श्रवणचाचणी झाली होती आणि तो त्यात पास झाला होता. कागद माझ्याकडे फाइलला लावलेला होता. एकदा तपासलेला भाग पुन्हा कशाला उघडायचा? ऑफिसात एखाद्या नव्या मुलाने मला असं सांगितलं असतं तर मी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं.

आणि मग आमच्या घरात दोन बंड्ये राहायला लागले. सकाळी आंघोळीच्या वेळी पाटावर समोर बसलेला बंड्या सगळं समजायचा. ‘हात वर, पाय पुढे, डोळे मीट’ म्हटलं की बरोब्बर करायचा. संध्याकाळी ठोकळे घेऊन जमिनीवर बसलेला बंड्या मात्र पाच हाका मारल्या तरी मान वळवायचा नाही. मी या दुसऱ्याला ‘हट्टी’ असं नाव देऊन टाकलं. मी घरूनच काम करत होते. एका कानात मीटिंग, हातात पोळीचं पीठ, आणि हाका सगळ्या स्वयंपाकघरातून, पाठीमागून.

मार्च २०२१ मधली एक संध्याकाळ सांगते. त्या रात्री आमचं नवीन सॉफ्टवेअर बँकेकडे जायचं होतं. बंड्या बाल्कनीत पाण्याची बादली सांडत बसला होता. सहा-सात हाका मारल्या. शेवटी उठले, दंडाला धरून उभा केला आणि पाठीत एक धपाटा घातला. तो लगेच रडला नाही. माझ्याकडे बघत राहिला. आपण काहीतरी केलं आणि पकडले गेलो, अशा वेळी मुलाचा जो चेहरा होतो तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. हा तसा नव्हता. त्याच्या दृष्टीने तो धपाटा कुठूनही, काहीही न घडता आला होता. तो चेहरा मी पाहिला आणि कामाला निघून गेले.

उलगडा झाला तो मास्कमुळे. जुलैत एकदा भाजी घेऊन आले. दार बंड्यानेच उघडलं. मी म्हटलं, “पिशवी धर.” तो नुसता बघतोय. पुन्हा म्हटलं, तरी तेच. मी मास्क खाली ओढला आणि त्याच आवाजात म्हटलं, “पिशवी धर.” त्याने दोन्ही हातांनी पिशवी धरली.

मी तिथेच दारात चपला घालून उभी राहिले. आमच्या धंद्यात कधीकधी येणारी आणि कधीकधी न येणारी चूक सगळ्यांत वाईट असते. ती हवी तेव्हा पुन्हा घडवून दाखवता आली की निम्मं काम झालं. ही चूक मला आता घडवता येत होती.

त्या संध्याकाळी मी त्याच्या पाठीमागे उभं राहून स्टीलचं ताट खाली टाकलं. तो दचकून वळला. नवरा म्हणाला, “बघ, ऐकू येतंय.” मग मी हळू आवाजात ‘चॉकलेट’ म्हटलं. काही नाही. एक पाऊल पुढे जाऊन पुन्हा म्हटलं. तरीही नाही. समोर जाऊन म्हटलं, लगेच हात पुढे आला. नवरा म्हणाला, “तू पोरावर टेस्टिंग करतेयस?” मी म्हटलं, “हो. तू लिहून घे.” बिचाऱ्याने वीजबिलाच्या पाठीमागे सगळं लिहून घेतलं. बंड्याला त्या दिवशी तीन चॉकलेटं मिळाली.

कानाच्या डॉक्टरांकडची तपासणी दोन मिनिटांची होती. कानात रबराचं छोटं बोंडूक बसवतात, हवेचा दाब कमीजास्त करतात आणि पडदा किती हलतो याचा आलेख निघतो. पडदा नीट हलत असेल तर आलेखात टेकडी दिसते. बंड्याच्या दोन्ही कानांची रेघ जवळजवळ सपाट होती. पडद्याच्या आत, मधल्या कानात, चिकट पाणी साठलं होतं. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे हवा नेणारी एक नळी असते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दीनंतर सहज तुंबते. कान दुखत नाही, वाहत नाही, ताप येत नाही. म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. जन्माच्या वेळची तपासणी खरीच होती, पाणी नंतर साठलं.

डॉक्टर म्हणाले, “मॅडम, एक दिवस कानात बोळे घालून घरात वावरून बघा.” मी एका रविवारी खरंच तसं केलं. बहिरं झाल्यासारखं वाटत नाही, ही त्यातली फसवी गोष्ट. आवाज येतात, पण त्यांच्या कडा झिजलेल्या असतात. स्वर पोचतात, स, श, फ, थ वाटेतच गळतात. ‘साखर’ की ‘भाकर’ हे ओठ बघितल्याशिवाय कळत नाही. दुपारपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं आणि मी सगळ्यांवर चिडचिड करायला लागले. चार वाजता बोळे काढून टाकले. बंड्याला ती सोय नव्हती.

हे पाणी पुष्कळ मुलांत आपोआप ओसरतं, म्हणून तीन महिने वाट बघितली. ओसरलं नाही. डिसेंबरात भूल देऊन पाणी काढलं आणि दोन्ही पडद्यांत मोहरीच्या दाण्याएवढी एकेक नळी बसवली. ती हवा आत जाऊ देते आणि काही महिन्यांनी आपली आपण गळून पडते. सकाळी नेला, संध्याकाळी घरी आणला.

येताना सिंहगड रस्त्यावर एका बसने हॉर्न वाजवला आणि बंड्याने दोन्ही हात कानांवर ठेवले. घरी फ्लशच्या आवाजाने घाबरून तो बाथरूममधून पळत बाहेर आला. बिस्किटाचा पुडा उघडला तर पुडा हातात घेऊन नुसता चुरचुरवत बसला, बिस्किटं विसरून. टीव्ही लावला तर रिमोट घेऊन त्याने आवाज कमी केला. आमच्या घरात वर्षभर ज्या आवाजात टीव्ही चालत होता तो आवाज, आठवलं की लाज वाटते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने, काही मनात नसताना, ओट्याशी उभी राहून हाक मारली. “बंड्या.”

हॉलमधून आवाज आला, “ओ.”

मी गॅस बंद केला. पुन्हा हाक मारली. “ओ.” अशी दहा-बारा वेळा मारली असेल. शेवटी तो वैतागून आत आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मला काम काहीच नव्हतं, मग मी त्याला एक गाजर दिलं.

पुढचं सगळं झटपट झालं, असं कुणी समजू नका. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंकडे आम्ही दीड वर्ष जात होतो. त्यांनी मला शिकवलं ते इतकं साधं होतं, की मला आधी फीचाच राग आला. त्याच्या उंचीला बसा. करताय ते बोला: ही वाटी घेतली, हे तूप वाढलं. आणि एखादं वाक्य बोललात की मनात दहापर्यंत मोजून थांबा, त्याला उत्तर जुळवू द्या. दहा आकडे! आमच्या मीटिंगमध्ये तीन सेकंद शांतता झाली तर लोक ‘आवाज येतोय ना?’ विचारतात. पहिले काही आठवडे मी चारपर्यंत मोजायचे आणि त्याचं वाक्य मीच पुरं करायचे. सहा-सातपर्यंत पोचले तेव्हा कधीकधी आठव्या आकड्याला त्याचं काहीतरी यायला लागलं. जिन्यात, चपला उलट्या घालताना, डब्यात काय हवं ते सांगताना. आता तो साडेपाच वर्षांचा आहे आणि गप्प बसत नाही. ‘ळ’ मात्र अडून बसला होता. काला कावला, पिवलं केलं. यंदा गणपतीत आरतीच्या ताटातलं केळं बघून ‘केळं’ म्हणाला आणि आम्हा दोघांच्या टाळ्या चुकल्या.

एक्सेलची फाइल मी पुसलेली नाही. फक्त मार्च २०२१ समोर त्या धपाट्याची नोंद नंतर केली आहे.

आता हे सगळं मी तुम्हाला, याच हॉलमध्ये, का सांगतेय? कानात बोळे घातलेल्या त्या रविवारी मला सातवीचा वर्ग आठवला म्हणून. खिडकीकडून शेवटून दुसरा बाक. माझ्या शेजारी कोण बसायची, ते तुमच्यापैकी निम्म्या जणांना आठवत असेल. तिला आपण एक नाव ठेवलं होतं. ते मी इथे उच्चारणार नाही, पण तुम्हाला ते आठवलंय, मला चेहऱ्यांवर दिसतंय. प्रश्न विचारला की ती उभी राहायची आणि बघत राहायची. हातावर पट्टी बसायची, वर्ग हसायचा. मीही हसायचे.

शुद्धलेखनाच्या वेळी ती माझ्या वहीत बघायची. मी डाव्या हाताचा पंजा आडवा धरून वही झाकायचे. कॉपी करते म्हणून एकदा मी तिची तक्रारही केली होती. आता आठवतं ते असं: बाई वर्गाकडे तोंड करून सांगायच्या तेव्हा ती भराभर लिहायची. बाई फळ्याकडे वळून सांगायला लागल्या, की तिची पेन्सिल थांबायची आणि मान माझ्या वहीकडे वळायची.

तिला ऐकू कमी येत होतं, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. शाळेतल्या आरोग्य तपासणीत आपली नखं, दात, वजन बघायचे, कान बघितल्याचं मला आठवत नाही. आठवीला ती नापास झाली आणि नववीत आपल्याबरोबर नव्हती. आज स्टेजवरच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या फोटोत ती नाही, आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही नाही. गेला महिनाभर मी विचारत फिरतेय. ती मसूरच्या बाजूने यायची, एसटीने, एवढंच हाती लागलंय. तिचा पत्ता, भावाचा नंबर, सासरचं गाव, काहीही कुणाला माहीत असेल तर जेवणाच्या वेळी मला गाठा. मी डावीकडच्या पंगतीत असेन.

माझी वेळ झाली. मामा, बंड्या मघापासून बाहेर त्या घंटेजवळ उभा आहे. त्याला एकदा वाजवू द्या.