क्लॅरेंडन टाईप
(ध्वनिक्षेपित भाषण)

शब्दकोशाचें पान उघडलें कीं आपली दृष्टि हव्या त्या शब्दावर चटकन जाऊन पडते. याचें श्रेय आपण कोशकाराला देतों. पण त्यांतील बराच वांटा ज्याचा आहे, त्या खिळ्याचें नांवहि आपणांस ठाऊक नसतें. त्याविषयीं आज थोडें बोलणार आहें.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनमध्यें मालाची चढाओढ लागली आणि भिंती जाहिरातींनीं भरूं लागल्या. पुस्तकी रोमन अक्षरांच्या टोकांना केसासारख्या बारीक रेषा असत. त्या दुरून दिसत नसत. तेव्हां व्हिन्सेंट फिगिन्स प्रभृति टाईप ओतणाऱ्यांनीं त्यांच्या जागीं चौकोनी, जाड ठोकळे बसविले. नेपोलियनच्या स्वारीनंतर इजिप्तचें वेड सर्वत्र पसरलें होतें, म्हणून ही जात 'इजिप्शियन' म्हणून ओळखली जाऊं लागली. इजिप्तशीं तिचा संबंध सुतराम् नाहीं! हीं अक्षरें दणकट खरीं, पण बाजारांत ओरडणाऱ्या विक्रेत्यासारखीं. पुस्तकांत घ्यावीं तर शेजारच्या ओळी दबून जात.

१८४५ सालीं फॅन स्ट्रीट फौंड्रीचे रॉबर्ट बेझली यांनीं 'क्लॅरेंडन' बाहेर काढला. त्याचे पोलादी ठसे बेंजामिन फॉक्स या कारागिरानें कोरले. ठोकळा दांड्याला काटकोनांत न ठोकतां तेथें हलकेंच वळण दिलें आणि अक्षर अंगानें कांहींसें अरुंद ठेवलें. त्यामुळें हा खिळा साध्या रोमनच्या ओळींत सुखानें नांदूं लागला. तोंपर्यंत शब्द उठून दिसावा म्हणून तिरपीं, मोठीं किंवा जुनीं गॉथिक अक्षरें वापरीत. पुढें १८८४ पासून निघालेल्या ऑक्सफर्डच्या थोर इंग्रजी कोशांत मूळ शब्द क्लॅरेंडन वळणाच्या ठळक अक्षरांत छापले गेले. कोशाच्या रकान्यांतून मुलांचें बोट खालीं सरकतांना मीं पुष्कळ वर्षें पाहिलें आहे. तें थांबतें तें अशाच अक्षरावर.

बेझलींनीं १८४२ च्या कायद्यान्वयें या आकृतीची नोंद केली. संरक्षण मिळालें तें अवघ्या तीन वर्षांचें! मुदत संपतांच इतरांनीं त्याच्या नकला सर्रास काढल्या. कित्येक याला धंद्याची रीत म्हणतील. मला तें पटत नाहीं. एकेक अक्षर पोलादांत उलटें कोरावयाचें, आणि त्या श्रमाचें फळ तीन वर्षांत कोणींहि उचलावें, हा न्याय कसला? मात्र नकलांमुळेंच हें अक्षर देशोदेशीं गेलें, हेंहि नाकारतां येत नाहीं. बेझली १८६९ सालीं लंडनचे लॉर्ड मेयर झाले. फॉक्सचें नांव घेणारे फार थोडे.

१९५३ सालीं हर्मान आयडेनबेन्झ यांनीं स्वित्झर्लंडच्या हास फौंड्रीसाठीं याचें नवें रूप सिद्ध केलें. अमेरिकेंतील राष्ट्रीय उद्यानांच्या पाट्यांवरहि हें वळण पुष्कळ वर्षें दिसे. लांबलचक मजकुराला मात्र हा टाईप घेऊं नये. दोन पानांतच डोळा शिणतो. आतां संगणकावर ठळक अक्षर एका कळीसरशीं मिळतें, म्हणून अख्खी निमंत्रणपत्रिका ठळक छापणारे यजमान आढळतात. तींत लग्नाचा मुहूर्त शोधावयास मला चष्मा पुसून पुन्हां लावावा लागतो.