मोगलीचे परवलीचे शब्द

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना हसू येईल. कवीनं बोलावं तर तुकोबांवर, बहिणाबाईंवर, फार तर गालिबवर. मी बोलणार आहे एका कार्टूनवर. पण माझ्या कवितेचं मूळ शोधत गेलं, तर या थोर मंडळींच्या पंगतीत एक उघडानागडा, केस पिंजारलेला पोरगाही मांडी घालून बसलेला दिसतो. त्याचं नाव मोगली.

ही मालिका दूरदर्शनवर आली 1993 साली. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, मिसरूड फुटलेलं होतं. माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा. म्हणजे कायद्यानं मोगली त्याचा, माझा नव्हे. पण ज्यांचं बालपण शेताच्या धुऱ्यावर आणि रॉकेलच्या चिमणीखाली सरलं, त्यांना ते कधी कधी उशिरा मिळतं. मला ते विसाव्या वर्षानंतर, दर रविवारी सकाळी अर्धा-अर्धा तास मिळालं.

आमचं गाव केनवड, रिसोड तालुका. आज आम्ही वाशीम जिल्ह्यात आहोत, पण हा जिल्हा झाला 1998 साली. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यातच होतो. आमच्या आळीत टीव्ही एकच, एका गुरुजींच्या घरी. कृष्णधवल, चौदा इंची. टिनावर बांबू, बांबूवर अँटेना. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. मग एक पोरगा टिनावर चढे, एक दारात उभा राही आणि एक आतून ओरडे, "आलं, आलं... गेलं!" वीज नसली तर ट्रॅक्टरची बॅटरी सोडून आणायची. मोगलीचं जंगल हिरवं आहे हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं, पण ते आम्हांला हिरवंच दिसत होतं.

आता जरा त्या वर्षाची आठवण करून देतो. 1992च्या 6 डिसेंबरला अयोध्येत मशीद पडली. डिसेंबर-जानेवारीत मुंबई पेटली. आमच्या गावात काही झालं नाही; पण काही झालं नाही म्हणजे काहीच झालं नाही, असं नसतं. माणसं नमस्कार-सलाम करत, पण ओट्यावर बसत नसत. पानटपरीवर आपण गेलो की चाललेला विषय बदले. अम्मीनं धाकट्याला त्या घरी जाण्याची बंदी केली. कारण सांगितलं नाही. कारण सांगण्यासारखं नव्हतंच.

दोन रविवार तो उंबऱ्यात बसून दुरून येणारं शीर्षकगीत ऐकत राहिला. तिसऱ्या रविवारी गुरुजींच्या घरच्या काकू पदर खोचून आमच्या दारात. "भाबी, लेकराले काऊन नाही धाडलं? थे मोगली लागलं ना!" अम्मी काही बोलली नाही. तिनं आत जाऊन त्याचा सदरा बदलला आणि त्याला पाठवलं. त्याला सोबत म्हणून मी गेलो, आणि मग दर रविवारी जातच राहिलो. गावात शांतता समितीची बैठक झाली होती की नाही, मला आठवत नाही. पण काकूंचं ते एक वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

ज्याला आम्ही कार्टून म्हणत होतो, ते जपानी होतं हे तेव्हा कुणाला ठाऊक? जपानी लोक चलतचित्रांना अ‍ॅनिमे म्हणतात. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या कंपनीनं ही बावन्न भागांची मालिका बनवली. फुमिओ कुरोकावा हे तिचे दिग्दर्शक. जपानमध्ये ती ऑक्टोबर 1989 ते ऑक्टोबर 1990 या काळात दाखवली गेली. आपल्याकडे ती हिंदी बोलत आली. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आणि शेरखानच्या तोंडी आवाज आपल्या मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा.

या कथेचा प्रवास पाहा. ती लिहिणारे रुडयार्ड किपलिंग जन्मले मुंबईत, 1865 साली. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवायला होते. पुस्तक लिहिलं अमेरिकेत बसून, ते प्रसिद्ध झालं 1894 साली. जंगल निवडलं शिवनीचं. नागपूरहून जबलपूरला जाताना लागतं ते शिवनी. पेंचचं जंगल आजही अर्धं तिकडं, अर्धं आपल्याकडं आहे. चित्रं काढली तोकियोत. गाणं लिहिलं ते आज पाकिस्तानात असलेल्या दीना गावी जन्मलेल्या एका उर्दू कवीनं. आणि ते सगळं येऊन उतरलं केनवडच्या एका टिनावर. एवढ्या लोकांनी, एवढ्या भाषांतून हात लावलेली गोष्ट कुणा एकाची कशी असेल?

किपलिंग साम्राज्याचे कवी होते. गोऱ्या माणसानं काळ्यांवर राज्य करणं हे त्यांना गोऱ्याचं कर्तव्य वाटे. ते मी विसरत नाही. पण त्यांच्या आत्मचरित्रात एक गोष्ट आहे. मुंबईत लहानपणी ते गोव्याकडची आया आणि हिंदू नोकर यांच्याबरोबर इथलीच बोली बोलत. संध्याकाळी आईवडिलांसमोर नेताना त्यांना बजावलं जाई, आता इंग्रजी बोला. मग ते मनातल्या बोलीचं इंग्रजी करत अडखळत बोलत. हे वाचलं तेव्हा मला मोगली कुठून आला ते कळलं. दोन भाषांच्या उंबऱ्यावर अडखळणारं पोरच लांडग्यांत वाढलेल्या माणसाची गोष्ट लिहू शकतं.

आमच्या घरची बोली हिंदी नाही, उर्दू नाही, दखनीला वऱ्हाडीची फोडणी दिलेली आहे. वावरात वऱ्हाडी. मदरशात अरबी अक्षरं. शाळेत प्रमाण मराठी, आणि तीच मला कवितेसाठी आवडली. का आवडली, याला उत्तर नाही. कुठल्या विहिरीचं पाणी गोड लागतं हे जीभ ठरवते.

पण उत्तर मागणारे भेटतातच. इकडचे म्हणत, "अपनी जबान छोड के?" तिकडचे कविता ऐकून कौतुकानं म्हणत, "अहो, तुमचं मराठी किती छान आहे!" ज्याची आजी मराठवाड्यातून वऱ्हाडात सून म्हणून आली आणि वऱ्हाडीत भांडत-भांडत गेली, त्याला हे कौतुक कसं लागत असेल, ते तुम्हीच ताडा. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. 1990 साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तरी दर दहा वर्षांनी आम्हांला नव्यानं ओळख करून द्यावी लागते.

अशा वेळी मला बळ मिळालं ते बाळू अस्वलाकडून. पुढं शब्दकोश शेजारी ठेवून मी मूळ पुस्तक वाचलं. बाळू मोगलीला परवलीचे शब्द शिकवतो. पक्ष्यांचा वेगळा, सापांचा वेगळा, शिकारी जनावरांचा वेगळा. इतर पिल्लांना आपल्या टोळीपुरती भाषा आली की पुरे. माणसाच्या पोराला मात्र सगळ्यांच्या भाषा याव्या लागतात, कारण त्याला ना नखं, ना सुळे. आणि माकडांनी पळवून नेल्यावर घारीच्या भाषेतला तोच शब्द त्याला वाचवतो. जास्त भाषा येणं म्हणजे घर नसणं नव्हे. ज्याला कुणाच्याही रानातून जायचं आहे, त्याची ती शिदोरी आहे. हे मी तिथं शिकलो. अब्बा निरक्षर होते; पण त्यांनी हेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं. "मराठी में लिखता तो लिख. पर ऐसा लिख के लोगां सुनने को रुके."

आता शेरखानकडं येतो. आमचं आडनाव खान. खलनायकाच्या नावातही खान. पोरंच ती, त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझ्या भावाला शेरखान करून टाकलं. खेळात मोगली व्हायचा मान त्याला मिळेना. तो रडत घरी आला. मला वाटलं, जाऊन मध्ये पडावं. तेवढ्यात पोरांनीच तोडगा काढला: रोज एक जण शेरखान, आळीपाळीनं. मग पाटलाचा शेरखान झाला, न्हाव्याचा झाला, वाण्याचाही झाला. मालिकेतल्या मोगलीजवळ बूमरँग होतं. पोरांनी बाभळीच्या फांदीची तशी वाकडी शस्त्रं केली. ती फेकली की परत येत नसत, पलीकडच्या अंगणात पडत. मग ती आणायला पोरांना एकमेकांच्या अंगणांत जावं लागे. त्या वर्षी मोठ्या माणसांनी टाळलेली अंगणं पोरांनी त्या न परतणाऱ्या लाकडांपायी तुडवून टाकली.

शेरखान म्हणजे तरी काय? फरीद नावाच्या एका तरुणाला वाघ मारला म्हणून ही पदवी मिळाली, असं इतिहास सांगतो. पुढं तोच शेरशाह सूर. खान हा किताब, जात नव्हे. किपलिंगच्या पुस्तकातला शेरखान तर जन्मापासून लंगडा. त्याला धावती शिकार साधत नाही, म्हणून तो गाईगुरं आणि माणसं गाठतो. खलनायकाच्या पायातला अधूपणा दिसला की त्याचा राग येतो, पण तिरस्कार करता येत नाही. माझ्या कवितेत दुष्ट माणूस आला की मी आधी त्याचा पाय बघतो.

मालिकेनं आणखी एक शिकवलं, ते कारागिरीचं. चित्रपटाच्या फितीवर सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. जपानी कलाकार खर्च वाचवायला एकच चित्र बहुधा तीन चौकटींना वापरत. म्हणजे सेकंदाला आठच चित्रं. म्हणून तिथं पात्र पुष्कळदा स्थिर उभं असतं, फक्त केस हलतात, गवत हलतं. गरिबीतून आलेली ही युक्ती पुढं त्यांची शैली झाली. मी कविता छाटतो तेव्हा हेच मनात असतं. सगळं हलवायचं नाही. एक गवताची काडी हलली तरी वारा कळतो.

आणि लांडगा! आमच्याकडं तो धनगरांचा वैरी. शिव्या देताना त्याचं नाव. त्या रविवारांनंतर आळीतली पोरं लांडग्याच्या बाजूनं बोलू लागली, त्याला घर असतं, आई असते असं म्हणू लागली. एका पिढीच्या मनातून एका जनावराबद्दलचं वीष उतरणं, ही थोडी गोष्ट नाही. 2019 साली यवतमाळच्या टिपेश्वरातला एक तरुण वाघ तेलंगण, मराठवाडा, विदर्भाची शेतं ओलांडत तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. बातमी आली तेव्हा माझ्या भावाचा पुण्याहून फोन. तो आता चाळिशीकडं झुकला आहे, कारखान्यात आहे. म्हणाला, "भाई, शेरखान अपने बाजू से गया!" आवाजात भीती नव्हती, अभिमान होता.

2016 साली हॉलिवूडचा नवा 'जंगल बुक' आला, तेव्हा हिंदीतल्या शेरखानला पुन्हा नानांचाच आवाज होता. 2020च्या टाळेबंदीत, एप्रिल महिन्यात, दूरदर्शननं जुनी मालिका परत दाखवली. त्याही वेळी माणसं एकमेकांपासून लांब बसत होती, आणि आजार कुणी आणला याची बोटं इकडं-तिकडं दाखवली जात होती. माझी पुतणी गावी अडकलेली. तिच्यासोबत मी मोगलीला पहिल्यांदा रंगीत पाहिलं. जंगल खरंच हिरवं होतं.

तिनं विचारलं, "बडे अब्बा, ये मोगली किधर का है?" मी तिला भूगोलाचं पुस्तक आणायला लावलं. मोगलीची नदी वैनगंगा, ती शिवनीकडची. आमच्या रिसोड तालुक्याच्या शिवेवरून जाते ती पैनगंगा. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा जाऊन वैनगंगेला मिळते, तिथं तिचं नाव प्राणहिता होतं, आणि ती गोदावरीत जाते. नकाशावर बोट फिरवत ती प्राणहितेपाशी थांबली आणि म्हणाली, "मतलब, अपना पानी और उसका पानी इधर मिलता?"

मी म्हणालो, "हो. मिलता." दोन्ही भाषा एका उत्तरात आल्या. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)