चूल आणि मोट



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आम्हांला विज्ञान शिकवीत. मी पुढे मराठीचा प्राध्यापक झालो, यात त्यांचा दोष नाही. आज मी उष्णतेवर बोलण्याचे धाडस करीत आहे, आणि त्याचे कारण घरगुती आहे.

माझी कन्या शिकागोस राहते. तिच्या घराच्या तळघरात गॅसची भट्टी आहे. तीत तापलेली हवा नळांवाटे खोल्याखोल्यांतून फिरते. गेल्या हिवाळ्यात एका रात्री कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा वाजली. भट्टीच्या आतील पत्र्याला चीर गेली होती. नातू वरच्या खोलीत झोपला होता. सारे सुखरूप आहेत. पण दूरध्वनीवर ते ऐकताना मला लष्करातला आमचा वाडा आठवला. पौषातल्या एका रात्री दारेखिडक्या लावून, शेजारी कोळशाची शेगडी (येथे तिला अंगीठी म्हणतात) पेटती ठेवून आमची आत्या निजली होती. शेजारी राहणाऱ्या सरांनीच दार फोडून तिला अंगणात आणले. ‘या वायूला रंग नाही, वास नाही,’ एवढेच ते दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

मुलीने विचारले, ‘बाबा, नवी भट्टी घेऊ की हीट पंप?’ निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो. मी वाचत गेलो.

भट्टीचे गणित चुलीचे आहे. जळणात जेवढी उष्णता, तेवढीच फार तर हाती येणार. उत्तम नवी भट्टी शंभरातले पंचाण्णव भाग घरात देते, जुनी सत्तरच्या आसपास. शंभरावर एकही जात नाही.

हीट पंपाचे गणित मात्र मोटेचे आहे. विहिरीतले पाणी बैल निर्माण करीत नाहीत. ते फक्त वर आणतात. बाहेरच्या गार हवेतही उष्णता असतेच. शून्य अंश म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे. एक द्रव पदार्थ कमी दाबाखाली बाहेर उकळतो, ती उष्णता शोषतो; मग त्याची वाफ दाबून घरात आणली की ती द्रवरूप होताना उष्णता सोडते. खर्च होतो तो उपशाचा. म्हणून विजेच्या एका युनिटात सौम्य थंडीत तीन युनिटे उष्णता मिळते. ही कल्पना विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्ये मांडली होती. झुरिचच्या नगरसभागृहात १९३८ च्या सुमारास असे यंत्र बसले, ते लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता उपसणारे.

पण विहीर जितकी खोल, तितके बैल अधिक दमतात. शिकागोत ३० जानेवारी २०१९ रोजी पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरला होता. कडक थंडीसाठी बनविलेले नवे पंप उणे २५ च्या आसपासही चालतात. मात्र तेव्हा तिपटीची दुप्पट किंवा त्याहून कमी होते, आणि घराची भूक नेमकी त्याच वेळी वाढलेली असते. शिवाय तेथे विजेचे युनिट तेवढ्याच उष्णतेच्या गॅसपेक्षा चौपटीहून महाग पडते. तिप्पट उपसा करूनही पैशाचा हिशेब गॅसकडेच झुकतो. हे पंपाचे कैवारी सहसा सांगत नाहीत.

धुराचा हिशेब निराळा. गॅसच्या एका युनिट उष्णतेमागे सुमारे २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. कोळशाच्या विजेत युनिटमागे सुमारे एक किलो. तिपटीने भागले तरी ३०० ग्रॅमच्या वर. म्हणजे कोळशाच्या विजेवर पंप हरतो. परंतु इलिनॉय राज्याची निम्म्याहून अधिक वीज अणुभट्ट्यांतून येते. तेथे पंप जिंकतो. आणि पंपात घरात काही जळतच नाही, हे नातवाच्या आजोबाला अधिक महत्त्वाचे वाटले, असे मी प्रांजळपणे कबूल करतो.

अखेर मुलीने दोन्ही घेतले. उणे आठ अंशांपर्यंत पंप; त्याखाली नवी भट्टी, जी जळणासाठीची हवा बाहेरून घेते आणि धूर नळीने बाहेरच सोडते. प्रत्येक मजल्यावर घंटा आहे. खर्च बराच झाला. वीज गेली तर भट्टीही थंडच, कारण तिचा पंखा विजेवर चालतो. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

ग्वाल्हेरीस तर विहीर उथळ आहे. जानेवारीतही येथे पारा शून्याखाली क्वचितच जातो. उन्हाळ्यात गारवा देणारे आणि हिवाळ्यात उलट चालणारे वातानुकूलन यंत्र बाजारात मिळते. ते म्हणजे हाच पंप. लाल तारेचा हीटर एका युनिटाला एकच युनिट देतो. ज्यांना यंत्र परवडत नाही, त्यांच्या घरी आजही अंगीठीच पेटते. तेवढ्यासाठी, सभागृहातील मुलांनो, आज घरी गेल्यावर निजायच्या खोलीची खिडकी उघडते का, ते पाहा. आमच्या वाड्यातली खिळे ठोकून बंद केलेली होती.