दारात आलेला कान कोरणारा



आज आपण कानाविषयी चार शब्द बोलू. विषय लहान आहे, पण त्यात चूक झाली तर जन्मभर भोगावी लागते.

कान कोरणारा तुम्ही पाहिला असेल. डोक्याला लाल पागोटे, त्यात खोचलेली सळई, जवळ कापूस आणि तेलाची बाटली. पूर्वी तो घरोघर येई. आता कमी झाला, तरी बाजारात, जत्रेत अजून भेटतो. कधी दारातही येतो.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक तात्या येत. एकदा ते विहिरीत पोहून आले आणि उजव्या कानाला दडा बसला. आम्ही फळ्यावर लिहून वाचून दाखवायचो, तर तात्या म्हणायचे, "गुरुजी, मोठ्यानं बोला." पुढे पुढे ते वर्गात मागे बसू लागले. लोक हसतील, अशी त्यांना लाज वाटे.

एके दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. अंगणात कान कोरणारा बसला होता. तात्यांनी मान वाकडी केली होती. तेवढ्यात काकू आतून धावत आल्या. म्हणाल्या, "अहो, नको! माझ्या भावाचा कान असाच गेला. सळई आत गेली, रक्त आलं. तेव्हापासून कान वाहतोय."

तात्या म्हणाले, "अगं, याचा बापही हेच काम करत होता."

आम्ही तात्यांची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी उजेड पाडून कानात पाहिले. कान कधी वाहिला होता का, ते विचारले. मळ मऊ करायला थेंब दिले. पाच दिवसांनी पिचकारीने कोमट पाणी सोडून कान धुतला. हरभऱ्याएवढा काळा गोळा बाहेर पडला.

घरी आल्यावर काकूंनी हाक मारली. तात्या म्हणाले, "अगं, हळू बोल. ओरडतेस कशाला?" सगळे हसले. काकूंच्या डोळ्यांत मात्र पाणी आले.

आता हे असे का झाले, ते पाहू.

कानातला मळ म्हणजे घाण नव्हे. तो शरीरच तयार करते. धूळ, किडे आणि पाणी तो आत जाऊ देत नाही. आपण जेवताना, बोलताना जबडा हलतो. तसा जुना मळ हळूहळू आपोआप बाहेर येतो. आपण काडी घातली की तोच मळ आत ढकलला जातो आणि घट्ट बसतो. पोहताना त्यात पाणी गेले की तो फुगतो. मग दडा बसतो.

कानाची नळी सुमारे 1 इंच लांब असते. तिच्या टोकाला कागदासारखा पातळ पडदा असतो. सळई जरा पुढे गेली, की तो फाटतो.

कान कोरणाऱ्यावर आमचा राग नाही. तोही पोटासाठीच फिरतो. पण आतला पडदा त्याला नीट दिसत नाही. एकच सळई तो दहा जणांच्या कानात घालतो. एकाचा रोग दुसऱ्याला लागू शकतो.

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

कानात काडी, पिन, किल्ली घालू नका. कापसाची काडीही नको. बाहेरचा कान ओल्या फडक्याने पुसला की पुरे.

गरम तेल ओतू नका. कान वाहत असेल तर तेल, पाणी काहीच घालू नका.

मुलाने कानात हरभरा, वाटाणा घातला तर पाणी सोडू नका. दाणा फुगतो. मुलाला दवाखान्यात न्या.

कान दुखला, वाहिला, रक्त आले, चक्कर आली, तर घरी थांबू नका. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दडा नेहमी मळाचाच असतो असे नाही. कुठे जायचे ते ठाऊक नसेल, तर गावच्या आशाताईंना विचारा.

आणि ऐकू येत नाही, हे सांगायला लाजू नका. तात्या आता वर्गात पुढे बसतात. परवा त्यांनी हाच धडा मोठ्याने वाचून दाखवला.